ज्योतिरिंद्रनाथ आणि रवींद्रनाथांचे बालपण

वडील बंधूने धाकट्याचा गुरू व्हावे, ही गोष्ट मराठी वाचकाला नवी नाही. निवृत्तिनाथांनी ज्ञानदेवांना नाथपंथाचा उपदेश दिला आणि ज्ञानदेवांनी त्या ऋणाचा उच्चार आपल्या ग्रंथात पुनःपुन्हा केला. आधुनिक भारतीय साहित्यात अशाच एका बंधुऋणाची नोंद रवींद्रनाथ ठाकूरांच्या आत्मपर लेखनात आढळते. मात्र तेथील दान निराळ्या जातीचे आहे. निवृत्तिनाथांनी एक परंपरा हाती दिली. ज्योतिरिंद्रनाथांनी आपला मार्ग आपणच शोधण्याची, प्रसंगी चुकण्याचीही, मोकळीक दिली.

रवींद्रनाथांचा जन्म ७ मे १८६१ रोजी कलकत्त्यातील जोडासाँको येथील वाड्यात झाला. महर्षी देवेंद्रनाथांच्या हयात राहिलेल्या अपत्यांत ते सर्वांत धाकटे. वडील बहुधा प्रवासात असत आणि आई मोठ्या कुटुंबाच्या व्यापात; त्यामुळे या मुलाचे आरंभीचे दिवस नोकरांच्या अमलाखाली गेले. श्याम नावाचा नोकर त्याला एका जागी बसवून भोवती खडूने वर्तुळ काढी आणि रेषा ओलांडल्यास अनर्थ ओढवेल असा धाक घालून निघून जाई. मुलाने रामायणातील सीतेची कथा ऐकलेली होती. तो जागचा हलत नसे. खिडकीखालचे तळे आणि काठावरचा वड न्याहाळीत त्याचा वेळ जाई. पुढे शाळेतही त्याचे मन रमले नाही. एकामागून एक शाळा सुटल्या आणि घरच्या वडीलधाऱ्यांनी त्याच्याविषयीची आशा जवळजवळ सोडली.

ही रेषा पुसण्याचे काम ज्योतिरिंद्रनाथांनी केले. १८४९ मध्ये जन्मलेला हा भाऊ रवींद्रनाथांहून बारा वर्षांनी वडील होता. नाटककार, संगीतज्ञ, चित्रकार आणि नवनव्या उद्योगांचा ध्यास घेतलेला हा पुरुष धाकट्या भावाशी बरोबरीच्या नात्याने वागे. ते पियानोवर नवीन सुरावटी बसवीत, तेव्हा रवी आणि कुटुंबाचे स्नेही अक्षय चौधुरी जवळ बसून त्या सुरांना शब्द देत. काव्यलेखनाचे हे शिक्षण कोणत्याही शिक्षणक्रमात नव्हते. येथे शब्दाआधी सूर येत होता. रवींद्रनाथांच्या गीतरचनेचे मूळ शोधू पाहणाऱ्या अभ्यासकाला या पियानोपाशी थांबावेच लागते. १८७५ मधील ‘सरोजिनी’ या ज्योतिरिंद्रनाथांच्या नाटकात एका गद्य भाषणाच्या जागी गीत हवे, असे चौदा वर्षांच्या मुलाने सुचविले, स्वतः गीत रचून दिले, आणि नाटककाराने ते स्वीकारले. शिलाईदहच्या जमीनदारीवर नेल्यावर याच भावाने त्याला घोड्यावर बसविले आणि वाघाच्या शिकारीलाही बरोबर घेतले. पडेल, लागेल, ही भीती त्यांनी मनात आणली नाही.

१८६८ मध्ये ज्योतिरिंद्रनाथांच्या पत्नी कादंबरी देवी नऊ वर्षांच्या वयात या घरी आल्या. १८७५ मध्ये आई वारल्यावर वहिनीची माया रवींद्रनाथांचा मोठा आधार झाली. गच्चीवरची बाग, तेथील सायंकाळची गाणी आणि काव्यवाचन यांनी त्यांचे उमलते वय भारून टाकले. १८७७ मध्ये ‘भारती’ मासिक निघाले. १८८१ मध्ये ‘वाल्मीकि-प्रतिभा’ या गीतनाट्यात रवींद्रनाथांनी स्वतः वाल्मीकीची भूमिका केली. या दोन्ही उपक्रमांमागे ज्योतिरिंद्रनाथांचा उत्साह होता.

हे पर्व १८८४ मध्ये अकस्मात संपले. त्या वर्षी एप्रिलमध्ये कादंबरी देवींनी आत्महत्या केली. त्याच काळात ज्योतिरिंद्रनाथांनी युरोपीय कंपनीशी स्पर्धा करीत आगबोटींचा स्वदेशी व्यवसाय आरंभिला आणि त्यात ते कर्जबाजारी झाले. ज्याने धाकट्याला चुकण्याचे स्वातंत्र्य दिले, त्याला आपल्या साहसाचे मोल पुरेपूर मोजावे लागले. पुढे धाकट्याचे नाव जगभर झाले आणि थोरला हळूहळू मागे सरला. रांचीतील मोराबादी टेकडीवर त्यांनी एकांतात आयुष्याची अखेर काढली. परक्या प्रतिभेच्या सेवेतही त्यांना कमीपणा वाटला नाही. संस्कृत नाटके आणि फ्रेंच साहित्य त्यांनी बंगालीत आणले. मराठीशीही त्यांचा संबंध होता. लोकमान्य टिळकांच्या ‘गीतारहस्या’चा बंगाली अनुवाद त्यांनी उत्तरायुष्यात पूर्ण केला. दुसरे बंधू सत्येंद्रनाथ मुंबई इलाख्यात सनदी अधिकारी होते. त्यामुळे ठाकूर घराण्याला महाराष्ट्र अपरिचित नव्हता. ४ मार्च १९२५ रोजी ज्योतिरिंद्रनाथांचे निधन झाले.

हे ऋण धाकट्याने कसे फेडले? १९१२ मध्ये ग्रंथरूपाने आलेल्या ‘जीवनस्मृति’त रवींद्रनाथांनी भावाच्या उपकाराचा निःसंकोच उच्चार केला. लहानपणीच्या कडक बंदोबस्तानंतर ही मोकळीक लाभली नसती, तर आपले मन पंगूच राहिले असते, असा त्यांच्या कथनाचा आशय आहे. स्वातंत्र्याचा दुरुपयोगही झाला, हे ते लपवीत नाहीत. परंतु त्या चुकांनीच आपल्याला शिकविले, अशी त्यांची धारणा दिसते. १९०१ मध्ये शांतिनिकेतनात त्यांनी विद्यालय काढले. झाडाखाली बसणारे वर्ग, नाटक आणि गाणे यांना अभ्यासाइतकेच मानाचे स्थान: या योजनेत उपनिषदांतील आश्रमाचा आदर्श आहे, हे सर्वमान्य आहे. परंतु त्याबरोबरच जोडासाँकोच्या गच्चीची आणि त्या पियानोची स्मृतीही तेथे कार्य करीत होती, असे मानणे सयुक्तिक ठरेल. खडूच्या वर्तुळात बसलेल्या मुलाने मोठेपणी इतर मुलांसाठी ते वर्तुळ पुसले.

मृत्यूच्या आदल्या वर्षी, १९४० मध्ये, रवींद्रनाथांनी मुलांसाठी ‘छेलेबेला’ हे आठवणींचे पुस्तक लिहिले. ऐंशीच्या उंबरठ्यावरचा हा कवी त्यात पुन्हा त्या गच्चीवर जातो, आणि तेथे ज्योतिदादा आहेत. मधली सगळी वर्षे, कीर्ती आणि मृत्यू ओलांडून बालपणीचा तो भाऊ त्यांच्यापाशी तसाच राहिला होता. निवृत्तिनाथांचे ऋण ज्ञानदेवांच्या ग्रंथात वाचावयास मिळते. ज्योतिरिंद्रनाथांचे ऋण वाचावयाचे, तर रवींद्रनाथांच्या ग्रंथांबरोबर त्यांची शाळाही पाहावी लागते.