आनंदीबाई पेशवे

आनंदीबाई रघुनाथराव पेशवे (मृत्यू: १७९४, आनंदवल्ली, नाशिक) या रघुनाथराव ऊर्फ राघोबादादा पेशवे यांच्या द्वितीय पत्नी आणि दुसऱ्या बाजीरावांच्या मातोश्री होत. नारायणराव पेशव्यांना पकडण्याच्या हुकुमात ‘ध’चा ‘मा’ केल्याचा आरोप परंपरेने त्यांच्यावर केला जातो.

पूर्वायुष्य

आनंदीबाई कोकणातील गुहागरच्या ओक घराण्यातील होत. राघोबादादांच्या पहिल्या पत्नी जानकीबाई यांच्या निधनानंतर १७५५ मध्ये त्यांचा विवाह झाला. नाशिकच्या पश्चिमेस गोदावरीकाठी राघोबादादांनी वाडा बांधला. तेथील गावाचे आनंदवल्ली हे नाव आनंदीबाईंवरून पडले. पेशवेपदाच्या वादात जून १७६८ मध्ये थोरल्या माधवरावांनी नाशिक जिल्ह्यातील धोडप येथे राघोबादादांचा पराभव केला व त्यांना शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवले.

नारायणरावांचा वध

माधवरावांच्या मृत्यूनंतर १७७२ मध्ये त्यांचे धाकटे बंधू नारायणराव गादीवर आले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी गारद्यांनी शनिवारवाड्यात त्यांची हत्या केली. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी करून राघोबादादांना दोषी ठरविले. ग्रँट डफ यांनी १८२६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासानुसार, राघोबादादांनी सुमेरसिंग गारद्याला नारायणरावांस पकडण्याचा लेखी हुकूम दिल्याचे मान्य केले, परंतु मारण्याचा हुकूम दिल्याचे नाकारले. रामशास्त्र्यांनी मूळ कागद मिळविला, तेव्हा त्यातील ‘धरावे’ या शब्दाचा ‘मारावे’ केलेला आढळला. हा बदल आनंदीबाईंनी केला असा सर्वांचा समज असल्याचे डफ नोंदवितात.

हस्ताक्षराचा प्रश्न

या हकिकतीत दोन स्वतंत्र प्रश्न आहेत: कागदात फेरफार झाला काय, आणि तो कोणाच्या हातचा? डफ यांच्या वृत्तांतात पहिल्याचे उत्तर कागद पाहून दिलेले आहे, तर दुसऱ्याचे लोकसमजुतीवर आधारलेले आहे. त्या काळी पत्र बहुधा कारकून मोडी लिपीत लिहीत. वर शिक्का व शेवटी मोर्तब उमटवून ते अधिकृत केले जाई. मोर्तबामुळे पत्राच्या शेवटी मजकूर वाढविणे अवघड होई, मात्र मधल्या एका अक्षरातील बदल त्यामुळे उघड होत नसे.

आजच्या न्यायवैद्यक तपासणीत शाई, लेखणीचा दाब आणि रेघांचा क्रम पाहून फेरफार ओळखता येतो. त्यासाठी मूळ कागद लागतो. लिहिणारा हात ठरविण्यासाठी संशयिताच्या निर्विवाद लेखनाचे नमुने हवेत. सहीची स्वयंचलित पडताळणी करणाऱ्या संगणकीय प्रणालीही अशा नमुन्यांशी वळण, कल व प्रमाण यांची तुलना करून साम्य किती, हे सांगतात. बदललेल्या एकाच अक्षरात या खुणा फारच थोड्या असतात. आनंदीबाईंवरील आरोपाच्या बाबतीत तर मूळ हुकूमच आज अभ्यासकांसमोर नाही. त्यामुळे हा आरोप हस्ताक्षराच्या पुराव्याने सिद्ध झालेला नाही आणि खोडूनही निघालेला नाही.

उत्तरायुष्य

बारभाईंच्या विरोधामुळे राघोबादादांना पुणे सोडावे लागले. आनंदीबाईंनी धारच्या किल्ल्यात आश्रय घेतला. तेथे १० जानेवारी १७७५ रोजी दुसऱ्या बाजीरावांचा जन्म झाला. सालबाईच्या तहानंतर (१७८२) राघोबादादा कोपरगावी राहिले व डिसेंबर १७८३ मध्ये वारले. धाकटे पुत्र चिमाजी अप्पा यांचा जन्म त्यानंतर १७८४ मध्ये झाला. पुढे पुणे दरबाराने आनंदीबाईंना मुलांसह आनंदवल्लीस हलविले. तेथेच १७९४ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढे दोनच वर्षांनी, १७९६ मध्ये, दुसरे बाजीराव पेशवे झाले.

भाषेतील स्थान

‘ध’चा ‘मा’ करणे हा वाक्प्रचार मराठीत किंचित फेरफाराने मूळ अर्थ पालटणे या अर्थाने रूढ आहे.