वर्ध्याचा विद्रोही, चापिंगोचा बीजसाधक

आपल्या किनाऱ्यावरच्या स्वयंपाकघरातली मिरची मूळची अमेरिका खंडाची. ती पोर्तुगीजांच्या गलबतांतून आली आणि इथल्या आमटीत अशी मुरली की ती परकी आहे हे सांगूनही कोणास खरे वाटत नाही. मक्याची कथाही तशीच. मेक्सिकोच्या भूमीने आपल्याला दिलेल्या देणग्यांची यादी लांबलचक आहे. पण आपल्याकडून त्या भूमीला काय गेले असे कोणी विचारले, तर एक नाव अभिमानाने सांगता येते. ते पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचे. आमच्या इतिहासग्रंथांत हे नाव येते ते क्रांतिकारकांच्या मालिकेत, आणि गदर पक्षाचा अध्याय संपला की लेखकाची लेखणीही थांबते. वास्तविक त्यांच्या आयुष्याचा अधिक फलदायी भाग त्यानंतर सुरू झाला.

खानखोजे यांचा जन्म 7 नोव्हेंबर 1884 रोजी वर्ध्यास झाला. वर्धा आणि नागपूर येथे शिकत असतानाच टिळकांच्या राजकारणाने त्यांना भारले आणि शस्त्राखेरीज स्वातंत्र्य नाही या निश्चयाने ते विशीतच जपानमार्गे अमेरिकेस गेले. तेथे त्यांनी दोन विद्या एकाच वेळी हस्तगत केल्या. कॅलिफोर्नियातील माउंट तमालपैस येथील सैनिकी शाळेत ते कवायत शिकले. पुढे ऑरेगन आणि वॉशिंग्टन या राज्यांतील महाविद्यालयांत शेतीशास्त्र. तलवार आणि नांगर यांची ही जोडी पुष्कळांना चमत्कारिक वाटते. आम्हांस तसे वाटत नाही. दुष्काळाच्या छायेत वाढलेल्या वऱ्हाड-मध्यप्रांतातील तरुणाला पारतंत्र्य दिसले ते प्रथम रिकाम्या कणगीतच, यात नवल ते काय?

पॅसिफिक किनाऱ्यावरच्या लाकडाच्या गिरण्यांतून राबणाऱ्या पंजाबी मजुरांत त्यांनी संघटना बांधली आणि 1913 साली उभ्या राहिलेल्या गदर पक्षात प्रत्यक्ष लढ्याची बाजू सांभाळली. महायुद्ध पेटताच ते तुर्कस्तानमार्गे इराणात उतरले, इंग्रजी फौजांशी लढले, पकडले गेले, निसटले, डोंगराळ टोळ्यांच्या आश्रयाने राहिले. इकडे उठावाचा बेत फुटला होता आणि तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे 1915 च्या नोव्हेंबरात लाहोरास फासावर गेले होते. युद्धानंतर बर्लिन आणि मॉस्को येथील भारतीय क्रांतिकारकांच्या वर्तुळात काही काळ घालवून खानखोजे 1924 साली मेक्सिकोस पोहोचले. मायदेशाची दारे बंद होती. इंग्रज सरकारच्या काळ्या यादीत त्यांचे नाव होते.

मेक्सिकोत तेव्हा क्रांती नुकतीच स्थिरावत होती. 1917 च्या राज्यघटनेने मोठ्या जमीनदारांची जमीन गावांना वाटण्याची वाट मोकळी केली होती, पण जमीन मिळालेल्या कुळाजवळ ना बियाणे होते ना विद्या. राजधानीजवळ चापिंगो येथे एका जुन्या जहागिरीच्या वाड्यात राष्ट्रीय कृषी विद्यालय नव्याने भरले होते. खानखोजे तेथे अध्यापक झाले. त्याच वाड्याच्या प्रार्थनामंदिराच्या भिंती दिएगो रिव्हेरा हा चित्रकार त्या वर्षांत रंगवीत होता.

मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम जगाला नव्याने गवसले ते 1900 साली, म्हणजे खानखोजे ज्या शास्त्राच्या आधारे काम करू लागले त्याचे वय पाव शतकाहून फारसे अधिक नव्हते. ‘जैवतंत्रज्ञान’ ज्याचे भाषांतर आहे तो युरोपीय शब्द हंगेरीचे कृषी अभियंते कारोली एरेकी यांनी 1919 साली रूढ केला. त्यांच्या नजरेसमोर हजारो डुकरे पोसणारे कारखानदारी पशुपालन होते. खानखोजे यांच्यासमोर एका कुळाचा चतकोर तुकडा होता. मका हे त्यांचे मुख्य क्षेत्र. मक्याचा तुरा वर आणि कणीस खाली, त्यामुळे कणसाला पिशवी बांधून हव्या त्या झाडाचे पराग त्यावर पाडता येतात. काम सोपे दिसते, पण हंगामामागून हंगाम खाते. तेओसिंते हे मक्याचे रानटी आप्त गवत, कणसात जेमतेम पाच-दहा कठीण दाणे, परंतु चिवट. मक्याशी त्याचा संकर करण्याचे प्रयोग खानखोजे यांनी केले. हे गवतच मक्याचा पूर्वज आहे याविषयी विद्वानांत पुढे दीर्घकाळ वाद चालला आणि आनुवंशशास्त्राने अखेर तो तेओसिंतेच्या बाजूने मिटविला.

मात्र आम्हांस त्यांच्या प्रयोगशाळेपेक्षाही त्यांच्या मुक्त कृषिशाळा अधिक मोलाच्या वाटतात. अक्षरशत्रू शेतकऱ्यांसाठी त्यांनी गावोगावी अशा शाळा काढविल्या. एकीला शेतकऱ्यांचा वीर एमिलियानो झापाता याचे नाव दिले होते. सुधारलेले बी आणि ते निवडण्याची दृष्टी, दोन्ही शेतकऱ्याच्या हाती जावे हा त्यांचा आग्रह. त्यांच्या या कार्याची छायाचित्रे तीना मोदोत्ती यांनी टिपली, आणि राजधानीतील शिक्षणखात्याच्या भिंतीवर रिव्हेराने रंगविलेल्या भाकरीच्या पंगतीत खानखोजे यांचा चेहरा आला. वर्ध्यापासून थेट हुमनाबाद-बिदरपर्यंतच्या कोरडवाहू पट्ट्यात जो शेतकरी आज दरवर्षी पिशवीतले संकरित बी विकत घेतो, कारण त्याच्या दुसऱ्या पिढीत पहिला जोम उरत नाही, त्याला बीजावरच्या या स्वामित्वाचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही.

1936 साली त्यांनी बेल्जियन युवती जान सिंदिक यांच्याशी विवाह केला. दोन मुली झाल्या. स्वातंत्र्यानंतर 1949 मध्ये मध्यप्रांताच्या सरकारने त्यांना शेतीविषयक सल्ल्यासाठी बोलाविले आणि पुढील दशकात ते कायमचे नागपुरास आले. सत्तरीला आलेला, पाव शतक मेक्सिकोत बीजसंशोधन केलेला माणूस घरी परतला होता. त्याच्या विद्येचा आपण जो उपयोग करून घेतला तो इतका तुटपुंजा की त्याबद्दल कोणाला दोष द्यावा हाही प्रश्न पडतो. चौकशी समित्यांचे अहवाल आपल्याकडे कपाटात ठेवण्यासाठीच लिहिले जातात की काय! चापिंगोने मात्र त्यांना विसरू दिले नाही. तेथील विद्यापीठाच्या आवारात 2022 साली त्यांच्या पुतळ्याचे अनावरण आपल्या लोकसभेच्या अध्यक्षांच्या हस्ते झाले.

1966 साली दुष्काळाने गांजलेल्या भारताने मेक्सिकोहून 18,000 टन बुटक्या गव्हाचे बियाणे बोटींनी आणविले. त्यामागचे संशोधन नॉर्मन बोरलॉग यांचे, आणि त्या कार्यक्रमाचे एक प्रयोगक्षेत्र चापिंगोच्याच जमिनीवर होते. ते बी उत्तरेच्या शेतांत रुजत असताना नागपुरात जानेवारी 1967 मध्ये खानखोजे यांनी देह ठेवला.