पडद्यामागचे डेनिस रिची

आपल्या लायब्ररीतलं सीचं जाडजूड नसलेलं ते प्रसिद्ध पुस्तक सगळ्यांनी हाताळलंय. त्याच्या दोन लेखकांपैकी एक डेनिस रिची. पण मला ते जास्त आवडतात ते युनिक्समुळे.

त्यांचा जन्म ९ सप्टेंबर १९४१ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या ब्रॉन्क्सव्हिलचा. वडील बेल लॅब्समध्ये होते. हार्वर्डला फिजिक्स शिकून १९६७ मध्ये रिचीही तिथेच लागले. १९६९ मध्ये बेल लॅब्सने मल्टिक्स हा मोठा प्रोजेक्ट सोडला. तेव्हा केन थॉम्पसन यांनी पीडीपी-७ या छोट्या मशीनवर युनिक्स सुरू केलं, आणि रिची त्यांच्या जोडीला होते.

सुरुवातीला मशीनला दोन टर्मिनल आणि प्रोसेसही दोनच! कमांड दिली की मेमरीत शेलच्या जागी ती कमांड यायची, ती संपली की शेल परत. मग फोर्क आला. शेल स्वतःची कॉपी काढतो, ती कॉपी कमांड चालवते आणि शेल वाट बघतो. शेवटी & लावलं की शेलने वाट बघायची नाही, बस्स! बॅकग्राउंड प्रोसेस तयार. फोर्कला असेंब्लीच्या फक्त २७ ओळी लागल्या.

पण गंमत झाली. डिरेक्टरी बदलायची कमांड चालेनाशी झाली. बदल कॉपीत व्हायचा आणि कॉपी मरून जायची. शेवटी ते काम शेलने स्वतःच करायचं ठरलं. १९७९ मध्ये रिचींनी ही फजिती मोकळेपणाने लिहून ठेवली. आजही स्क्रिप्टमधल्या सीडीने आपली डिरेक्टरी बदलत नाही, ती याचमुळे.

१९७२ च्या सुमारास त्यांनी सी लिहिली, १९७३ मध्ये युनिक्स सीमध्ये आलं, आणि १९८३ मध्ये थॉम्पसन यांच्यासोबत ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

१२ ऑक्टोबर २०११ ला ते घरी मृतावस्थेत सापडले. एकटेच राहायचे. ५ तारखेला स्टीव्ह जॉब्ज गेले होते, जगभर त्यांचीच बातमी होती. त्यांच्या आयफोनच्या मुळाशीही युनिक्सच होतं, पण रिचींसाठी कोण थांबलं?

रात्री प्रोजेक्टचे चार रन नोहप आणि & लावून सोडून आपण निवांत झोपतो. स्क्रिप्टच्या शेवटी वेट लिहिलं तर सगळे रन संपेपर्यंत स्क्रिप्ट थांबते. पॅरेंटने चौकशीच केली नाही तर संपलेली प्रोसेस झॉम्बी होऊन पडून राहते. मित्रांनो, मागे राहून काम करणाऱ्या माणसांचीही अशी चौकशी करायला हवी, आणि ती वेळेत करायला हवी, एवढंच मला वाटतं.