पुढे नांगर, मागे बोर्डिंग

पायथनमध्ये वेबसाइट करणाऱ्याला प्रोजेक्टच्या वेळी एक प्रश्न हमखास पडतो. सर्व्हर रिक्वेस्टना उत्तरं देत असताना रात्रीचा बॅकअप, सकाळचे मेल ही ठरल्या वेळची कामं कोणी करायची? शेड्युलर सर्व्हरच्याच पोटात घातला, तर सर्व्हर बंद पडला की तोही बंद. शिवाय चार वर्कर असतील तर एकच मेल चारदा! म्हणून त्याला वेगळी प्रोसेस देतात. मित्रांनो, हाच पेच आपल्या सातारा-सांगलीत कर्मवीर भाऊराव पाटलांनी सोडवला, तोही कॉम्प्युटरशिवाय.

जन्म २२ सप्टेंबर १८८७, कुंभोजचा. कोल्हापुरात शिकताना ते अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या उद्घाटनाला गेले आणि परत आल्यावर आंघोळ करायला तयार होईनात. झालं, जैन बोर्डिंगमधून बाहेर! (हॉस्टेलवाल्यांनी नोंद घ्यावी.) मॅट्रिकही झाले नाहीत.

पुढे पोटासाठी किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव हिंडले. ही झाली समोरची नोकरी. मागे मात्र दुसरंच काम चालू होतं. १९१० साली सांगलीकडच्या दूधगावात सहकाऱ्यांसोबत वसतिगृह काढलं होतंच. ४ ऑक्टोबर १९१९ ला कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली, म्हणजे त्या कामाला स्वतःची प्रोसेस मिळाली. नोकरी सुटली तरी ते थांबणार नव्हतं. आणि सुटलीच. साताऱ्यात कूपर यांचा कारखाना उभारायला त्यांनी मदत केली, पण पुढे बिनसलं आणि भाऊराव बाहेर पडले. १९२४ साली साताऱ्यात सुरू केलेलं बोर्डिंग मात्र चालूच राहिलं. सगळ्या जातींची पोरं तिथे एकाच पंगतीत जेवायची.

पण प्रोसेस वेगळी केली म्हणून तिला मेमरी लागत नाही असं थोडंच आहे? ती पुरवली लक्ष्मीबाईंनी. पोरांच्या जेवणासाठी त्यांनी दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. १९३० साली त्या गेल्या. चरित्रांत हे एका ओळीत उरकतात, ते मला पटत नाही.

'कमवा आणि शिका' ही योजना यातूनच वाढली. पोरांनी श्रम करायचे आणि आपला खर्च आपण भागवायचा. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं, तिथेही हीच पद्धत ठेवली. ९ मे १९५९ ला भाऊराव गेले. संस्थेच्या शाळा, कॉलेजं आणि वसतिगृहं आजही चालू आहेत.