दगडीचा जंतू आणि फ्लेमिंग यांचा इशारा

माण, खटाव, आटपाडी, जत या दुष्काळी तालुक्यांत शेळी म्हणजे घरची अडीअडचणीची शिल्लक. तिला दगडी, म्हणजे कासदाह झाला, की कास सुजते, कडक होते, दुधात गुठळ्या येतात आणि करडे उपाशी राहतात. या रोगामागे पुष्कळदा स्टॅफिलोकोकस कुळातले जंतू असतात. याच कुळातल्या जंतूंचा नाश लंडनच्या एका प्रयोगशाळेत १९२८ मध्ये एका डॉक्टरांनी पाहिला. ते स्वतः शेतकऱ्याचे पोर होते.

अलेक्झांडर फ्लेमिंग यांचा जन्म ६ ऑगस्ट १८८१ रोजी स्कॉटलंडमध्ये एअरशायरमधल्या एका शेतावर झाला. सात वर्षांचे असताना वडील वारले. तेराव्या वर्षाच्या सुमारास ते लंडनला आले आणि पुढे चार वर्षे त्यांनी जहाज कंपनीच्या कचेरीत नोकरी केली. नातलगाकडून थोडा वारसा मिळाला, तेव्हा कुठे १९०१ मध्ये सेंट मेरीज रुग्णालयाच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांना प्रवेश घेता आला.

पहिल्या महायुद्धात ते फ्रान्समध्ये होते. गोळीपेक्षा जखम चिघळून मरणारे सैनिक त्यांनी पाहिले. जखमेवर ओतली जाणारी जहाल जंतुनाशके खोलवरच्या जंतूंपर्यंत पोचत नाहीत, उलट शरीराच्या रक्षक पेशीच मारतात, हे त्यांनी दाखवून दिले. जंतूला मारील पण माणसाला इजा करणार नाही, अशा पदार्थाचा ध्यास तिथूनच लागला.

सप्टेंबर १९२८ मध्ये सुट्टीवरून परतल्यावर त्यांना एका काचेच्या बशीत बुरशी आलेली दिसली. बुरशीभोवतीचे स्टॅफिलोकोकस जंतू विरघळून गेले होते. बुरशीतल्या त्या द्रव्याला त्यांनी पेनिसिलिन नाव दिले आणि १९२९ मध्ये शोध प्रसिद्ध केला. पण ते शुद्ध करणे त्यांना जमले नाही. ते काम ऑक्सफर्डमध्ये फ्लोरी, चेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तडीस नेले. १९४१ मध्ये एका पोलीस शिपायाला हे औषध दिले गेले. तो सुधारू लागला, पण औषध संपले, जंतू पुन्हा उसळले आणि तो दगावला.

फेब्रुवारी १९४४ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबा अत्यवस्थ असताना त्यांच्यासाठी विमानाने पेनिसिलिन आणले गेले होते. अखेरच्या घटकेला त्यांना सुयांचा त्रास नको, असे गांधीजींनी ठरवले. दहा वर्षांनी, १९५४ मध्ये पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि हे औषध देशातच बनू लागले.

१९४५ मध्ये फ्लेमिंग, फ्लोरी आणि चेन यांना नोबेल मिळाले. त्या प्रसंगीच्या व्याख्यानात फ्लेमिंग यांनी एक काल्पनिक प्रसंग रंगवला. घसा दुखतो म्हणून एक माणूस स्वतःच अपुरे पेनिसिलिन घेतो. जंतू मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात. तेच जंतू पत्नीला लागतात, औषध निष्फळ ठरते आणि ती दगावते. ११ मार्च १९५५ रोजी फ्लेमिंग यांचे लंडनमध्ये निधन झाले, तोवर रुग्णालयांत असे निर्ढावलेले जंतू दिसू लागले होते. पेनिसिलिनचे तुकडे करणारे विकर ते तयार करतात.

गोठ्यातही तोच प्रसंग घडतो. उरलेली ट्यूब सडात सोडायची, सूज उतरली की औषध थांबवायचे, आणि पुढच्या वेळी तेच औषध लागू पडत नाही. कधी कास काळीनिळी, थंड पडते आणि शेळी हाताबाहेर जाते. म्हणून औषधापूर्वी पशुवैद्यकांकडून दुधाची तपासणी करून घ्यावी. जंतू कोणता आणि कोणत्या औषधाला दाद देतो, हे त्यातून कळते. औषधाचा ठरलेला क्रम पूर्ण करावा. उपचार चालू असताना आणि नंतर सांगितलेले दिवस ते दूध घरात किंवा विक्रीला वापरू नये. धार काढण्यापूर्वी हात व सड धुवावेत, आजारी शेळीची धार शेवटी काढावी.

औषध शोधणाऱ्यानेच त्याच्या गैरवापराचा धोका ओळखला होता. तो इशारा माणसांच्या दवाखान्याइतकाच शेळीच्या कासेलाही लागू आहे.