वेगाच्या देवाचा नैवेद्य

मोटारसायकल बिघडली की हल्ली मेकॅनिक आधी पान्याला हात घालत नाही. सीटखालच्या जोडणीत तो एक छोटे यंत्र अडकवतो आणि दुखणे कुठले ते सांगणारा सांकेतिक आकडा पडद्यावर उमटतो. फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत इंधन किती द्यायचे आणि ठिणगी केव्हा पाडायची, हा हिशेब एक चिमुकला संगणक ठेवतो. हौशी मंडळी ते तपासणी यंत्र घरीच बाळगतात. घरच्या घरी गाडीची नाडी पाहण्याच्या या हौसेचा मूळपुरुष शोधायचा, तर न्यूझीलंडच्या बर्ट मन्रोच्या दारात जावे लागते.

न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाला इन्व्हरकार्गिल नावाचे गाव आहे. मन्रो १८९९ साली तिथे जन्मला. शेतकऱ्याचा मुलगा. १९२० साली त्याने ‘इंडियन स्काउट’ ही मोटारसायकल घेतली. नाव इंडियन, पण गाडी अस्सल अमेरिकन! इंजिन ६०० सीसीचे, वेग ताशी जेमतेम ९० किलोमीटर. मन्रोचे तेवढ्याने भागेना. १९२६ पासून त्याने तिच्यात फेरफार सुरू केले, ते जन्मभर थांबले नाहीत.

दिवसा मोटारसायकली विकायच्या आणि रात्री शेडमध्ये इंजिन उघडून बसायचे, असा त्याचा क्रम होता. पैसा नव्हता, अवजारे नव्हती. जुन्या पत्र्याच्या डब्यांत धातू ओतून तो पिस्टन घडवी. ट्रॅक्टरच्या टाकाऊ ॲक्सलमधून कनेक्टिंग रॉड कोरून काढी. मोजमापाला चाकाची जुनी तार. त्या काळचे मेकॅनिक स्पार्क प्लग काढून त्याचा रंग पाहत: पांढरट असेल तर इंधन कमी पडते आहे, काजळी धरली असेल तर जास्त होते आहे. त्यापलीकडचे निदान इंजिन स्वतःच करी, फुटून! मन्रो ते तुकडे फेकून देत नसे. शेडमधल्या एका फळीवर त्याने ते मांडून ठेवले होते, वेगाच्या देवाला नैवेद्य म्हणून. कुठला भाग का हरला, याची ती वहीच होती.

या ध्यासाची किंमत घरानेही मोजली. १९२७ साली लग्न झाले, चार मुले झाली. पण संसार टिकला नाही. पुढे नोकरीही सुटली आणि यंत्राची शेड हेच त्याचे घर झाले.

१९६२ साली, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, हृदयविकार घेऊन हा गृहस्थ अमेरिकेत युटा राज्यातल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर उतरला. बेचाळीस वर्षांच्या जुन्या गाडीवर त्याने ताशी २८८ किलोमीटरचा विक्रम केला. १९६७ साली पुन्हा गेला. तेव्हा इंजिन ९५० सीसीचे झाले होते. १००० सीसीखालच्या गटात ताशी २९५.४५ किलोमीटरचा विक्रम त्याच्या नावे लागला. वय अडुसष्ट! १९७८ साली तो वारला. २००५ साली त्याच्यावर चित्रपट निघाला आणि त्याचे नाव जगभर पोहोचले.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण विक्रमासाठी गाडी जाताना आणि येताना अशी दोनदा पळवतात आणि दोन्ही वेगांची सरासरी काढतात. मुलगा जॉन याने जुने आकडे पाहिले, तेव्हा ती सरासरीच चुकल्याचे त्याच्या ध्यानात आले. २०१४ साली अमेरिकेच्या मोटारसायकल संघटनेने चूक मान्य करून वेग ताशी २९६.२६ किलोमीटर असा दुरुस्त केला. फरक एका किलोमीटरचाही नव्हता.

माझा जन्म बँकेच्या खातेवह्यांत गेला. एवढ्याशा फरकासाठी रात्री जागवणारी माणसे मी पाहिली आहेत, म्हणून या दुरुस्तीचे मोल मला मोठे वाटते. ज्या यंत्राने बापाच्या रात्री नेल्या, त्याचाच हिशेब मुलाने बापाच्या मागे छत्तीस वर्षांनी पुरा करून दिला. सगळे आकडे आता पडद्यावर आपोआप उमटतात. ते आपुलकीने पुन्हा पडताळून पाहणारे माणूस मात्र घरातच असावे लागते.