आपल्या लोणावळ्याचे स्वामी कुवलयानंद

भगिनींनो, स्मरणिकेसाठी प्रत्येकीने एखाद्या थोर व्यक्तीविषयी चार शब्द लिहावेत असे आपल्या चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा मी दोन दिवस गप्पच होते. माझे शिक्षण सातवीपर्यंत. माहेर पवन मावळातले, लग्न होऊन लोणावळ्यास आले, आणि तेव्हापासून हातात लेखणीपेक्षा लाटणेच जास्त. परंतु ज्यांच्या नावाचा रस्ता आपल्या गावात आहे, ज्यांच्या आश्रमाच्या फाटकावरून आपण भाजीची पिशवी घेऊन कितीदा गेलो, त्या स्वामी कुवलयानंदांचे चरित्र आपल्यापैकी फार थोड्या जणींना ठाऊक आहे. मलाही ते चार वर्षांपूर्वीपर्यंत ठाऊक नव्हते. ते कसे कळले, हे सांगायचे तर आधी माझी एक चूक कबूल करावी लागेल.

आपल्या मंडळाचा सकाळचा योगवर्ग ज्या बाई घेत असत, त्या मुलाकडे परगावी राहण्यास गेल्या. वर्ग बंद पडू नये म्हणून सर्वजणींनी माझे नाव पुढे केले. मी त्यांच्याजवळ सहा वर्षे पहिल्या रांगेत बसून शिकले होते, एवढेच माझे भांडवल. पहिले दोन महिने छान गेले. मग मला हुरूप आला. एके दिवशी मी सगळ्यांकडून सर्वांगासन करून घेतले. त्यात एका भगिनीला रक्तदाबाचा विकार होता. तिने सांगितले नाही हे खरे, पण मी विचारलेही नाही. तिला घेरी आली, डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि डॉक्टरांकडे न्यावे लागले. देवाच्या कृपेने ती बरी झाली. आजही वर्गाला येते. मी मात्र पंधरा दिवस मंडळाची पायरी चढले नाही. सातवी शिकलेल्या बाईने हे लोढणे गळ्यात घेऊ नये असे मनाने घेतले.

तेव्हा मामंजींनी वाचनालयातून स्वामीजींच्या चरित्राचे एक लहानसे पुस्तक आणून माझ्यापुढे ठेवले. मामंजी लहानपणी घरोघर दूध घालायला जात, तेव्हा त्यांनी स्वामीजींना लांबून पाहिले होते. ते पुस्तक मी पोळ्या झाल्यावर ओट्यापाशी उभी राहून वाचले, पुन्हा वाचले, आणखीही काही वाचायला मिळवले. त्यातून जे समजले ते माझ्या शब्दांत सांगते.

स्वामीजींचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. त्यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी गुजरातेत, बडोदे संस्थानातल्या डभोई गावी झाला. घर मराठी, आणि परिस्थिती गरिबीची. वडील शिक्षक होते. शिक्षणासाठी या मुलाला फार कष्ट सोसावे लागले. तरीही १९०३ साली मॅट्रिकच्या परीक्षेत त्याने संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली. सगळ्या इलाख्यातल्या मुलांत संस्कृतात पुढे आल्याखेरीज ही शिष्यवृत्ती मिळत नसे. पुढे बडोदे कॉलेजात शिक्षण झाले. श्रीअरविंद त्या काळी बडोद्यास प्राध्यापक होते, आणि इकडे लोकमान्य टिळकांनी देश जागा केला होता. या दोघांचा तरुण जगन्नाथाच्या मनावर ठसा उमटला. आजन्म ब्रह्मचारी राहून लोकसेवा करायची असा त्याने निश्चय केला.

शरीर कमावण्याचे पहिले शिक्षण मात्र आश्रमात नव्हे, तर आखाड्यात झाले. बडोद्यास जुम्मादादा व्यायामशाळा आहे. तिथे प्राध्यापक माणिकरावांच्या हाताखाली १९०७ ते १९१० अशी तीन वर्षे त्यांनी देशी व्यायामाचे शिक्षण घेतले. माणिकराव एकाच वेळी पुष्कळ मुलांकडून शिस्तीने व्यायाम करून घेण्यात नाणावलेले होते. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढे स्वामीजींनी योगही तसाच अनेकांना एकत्र शिकवला.

त्यानंतर ते खानदेशात अंमळनेरला शिक्षक झाले. १९१६ साली तिथल्या राष्ट्रीय कॉलेजचे ते प्राचार्य झाले. मुलांत देशाभिमान फार वाढतो आहे हे इंग्रज सरकारला रुचले नाही, आणि १९२० साली ते कॉलेज बंद पडले. हातचे काम गेले. दुसरा कोणी असता तर खचला असता. पण गुण्यांना तोवर दुसरी वाट सापडली होती.

नर्मदेच्या काठी मालसर नावाचे गाव आहे. तिथे परमहंस माधवदासजी नावाचे वृद्ध योगी राहत. ते मूळचे बंगालकडचे. १९१९ च्या सुमारास गुणे त्यांच्याकडे गेले आणि त्यांचे शिष्य झाले. मुंबईत योग संस्था काढणारे योगेंद्रजी हेही याच गुरूंचे शिष्य, म्हणजे आपल्या स्वामीजींचे गुरुबंधू. माधवदासजी १९२१ साली समाधिस्थ झाले. गुरूंचा सहवास फार दिवस लाभला नाही, परंतु दिलेली शिदोरी जन्मभर पुरली.

आता त्यांच्या आयुष्यातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग सांगते. त्या काळी योग म्हटला की गुहा, जटा, चमत्कार एवढेच लोकांना ठाऊक. जो तो म्हणे अमुक आसनाने अमुक रोग जातो, पण ते खरे की खोटे हे कोणी तपासत नसे. गुण्यांची गुरूंवर पूर्ण श्रद्धा होती. तरी गुरूंनी शिकवलेल्या क्रियांनी शरीरात नेमके काय घडते हे पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडेना. १९२० नंतर त्यांनी बडोद्याच्या इस्पितळात आपल्या विद्यार्थ्यांना नेऊन उड्डियान आणि नौली या क्रिया चालू असताना क्ष-किरणांनी तपासणी करवली.

उड्डियान म्हणजे सगळा श्वास बाहेर टाकून पोट आत वर ओढून धरणे, आणि नौली म्हणजे पोटाचे मधले स्नायू दोरखंडासारखे पुढे काढून फिरवणे. जुने योगी नौली करून गुदद्वारातून पाणी आत ओढून घेत आणि आतडी धूत. तिला बस्ती म्हणतात. पाणी वर चढते कसे, याविषयी नाना तर्क होते. स्वामीजींनी दाब मोजण्याचे यंत्र लावून पाहिले, तेव्हा नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो असे दिसून आले. पिचकारीचा दट्ट्या मागे ओढला की पाणी आपोआप आत येते, त्यातलाच हा प्रकार. त्यात चमत्कार नाही, पण हे शोधून काढणाऱ्या आपल्या पूर्वजांचे कौतुक मात्र दुणावते. आतड्यातल्या या कमी दाबाला स्वामीजींनी आपल्या गुरूंचे, माधवदासांचे नाव दिले. श्रद्धा आणि शोध यांची अशी जोड मी दुसरीकडे वाचली नाही.

१९२४ साली दसऱ्याच्या सुमारास त्यांनी आपल्या लोणावळ्यास कैवल्यधाम आश्रम स्थापन केला. मुंबई आणि पुणे यांच्या मधोमध, आगगाडीची सोय, डोंगरावरची थंड हवा. पावसाळ्यात घरात वाळत घातलेली लुगडीसुद्धा आठ आठ दिवस वाळत नाहीत, भिंतींना बुरशी येते, अशा या गावात त्यांनी प्रयोगशाळा मांडली. आश्रमात प्रयोगशाळा ही त्या वेळी नवलाचीच गोष्ट होती. त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे इंग्रजी त्रैमासिक सुरू केले. त्याचा एक भाग जाणकारांसाठी प्रयोगांचा, आणि दुसरा सामान्य वाचकासाठी आसने कशी करावीत याचा. अशा रीतीने आपल्या मावळातले काम जगभर पोहोचू लागले. अमेरिकेतल्या येल विद्यापीठातर्फे कोवूर बेहनन नावाचे एक अभ्यासक इथे येऊन शिकून गेले आणि त्यांनी १९३७ साली योगावर ग्रंथ लिहिला.

आता प्राणायामाचे ऐका. प्राणायामाने शरीराला खूप जास्त प्राणवायू मिळतो असे आपण सगळ्या म्हणतो. मीही वर्गात छाती फुगवून हेच सांगत असे. स्वामीजींनी प्राणायाम करणाऱ्याने सोडलेली हवा गोळा करून तपासली. उत्तर उलटे आले. प्राणायामात साध्या श्वासापेक्षा शरीराला जास्त प्राणवायू मिळतो हा समज टिकला नाही. योगाचाच आश्रम चालवणाऱ्या माणसाला हे झाकून ठेवता आले असते. त्यांनी ते छापले. प्राणायामाचे मोल दुसरीकडे, म्हणजे श्वासावर ताबा येऊन ज्ञानतंतू आणि मन शांत होण्यात आहे, असे त्यांनी सांगितले. हे वाचले त्या रात्री मला झोप लागली नाही. एवढा ज्ञानी माणूस मोजल्यावाचून बोलत नसे, आणि मी ऐकीव गोष्टी ठासून सांगत होते.

स्वामीजींचा लौकिक वाढत गेला. १९२७ साली महात्माजी आजारी असताना त्यांनी प्रकृतीविषयी स्वामीजींशी पत्रव्यवहार केला. १९३१ साली आसने आणि प्राणायाम यांवरची स्वामीजींची पुस्तके निघाली. १९३२ साली मुंबईला शाखा झाली. ती पुढे १९३६ साली चौपाटीजवळ मरीन ड्राइव्हवर गेली आणि आजही तिथे आहे. नोकरीधंद्याची माणसे सकाळ-संध्याकाळ तिथे येऊन शिकू लागली. योग शिकण्यासाठी घरदार सोडावे लागत नाही, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले.

मुंबई सरकारने आणि संयुक्त प्रांताने, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशाने, शाळांतल्या शारीरिक शिक्षणासाठी त्यांचा सल्ला घेतला. एका शिक्षकाने मैदानावर अनेक मुलांना एकदम शिकवायचे तर कोणते प्रकार घ्यावेत, क्रम कसा असावा, हुकूम कोणते द्यावेत, याची त्यांनी नीट आखणी केली. 'यौगिक संघ व्यायाम' या त्यांच्या पुस्तकात हीच आखणी आहे. आज २१ जूनला मैदानात शेकडो माणसे एका हुकुमावर हात वर करतात तेव्हा मला माणिकरावांची व्यायामशाळा आणि हे पुस्तक आठवते. आपला सकाळचा वर्ग हे त्याच झाडाचे एक लहानसे पान आहे.

बायकांसाठीही त्या काळात काम सुरू झाले होते, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. योगेंद्रजींच्या पत्नी सीतादेवी यांनी १९३४ साली खास स्त्रियांसाठी योगावर पुस्तक लिहिले. आपल्या आज्या-पणज्या तेव्हा अंधारात उठून दळत होत्या, आणि एक गृहिणी बायकांच्या शरीराला मानवेल असा योग पुस्तकातून सांगत होती!

१९५०-५१ साली स्वामीजींनी लोणावळ्यास योगाचे महाविद्यालय काढले. योग शिकवणारा माणूस नुसता आसने जाणणारा नसावा, त्याला शरीराची रचना, शास्त्रग्रंथ आणि शिकवण्याची रीत यांचे ज्ञान हवे, हा त्यामागचा हेतू. शेवटच्या वर्षांत योगोपचारांचे रुग्णालयही झाले. १८ एप्रिल १९६६ रोजी वयाच्या ८२ व्या वर्षी त्यांनी देह ठेवला. त्यांच्यामागून शिष्य स्वामी दिगंबरजी यांनी कार्य सांभाळले. २०२४ साली आश्रमाला शंभर वर्षे पूर्ण झाली, आणि 'योगमीमांसा' आजही निघते.

भगिनींनो, हे चरित्र वाचून मी पुन्हा वर्ग घेऊ लागले, पण पहिल्यासारखी नाही. ते पुस्तक मिटले तेव्हा माझी भीती गेली नव्हती. तिला कामाला कसे लावावे हे मात्र समजले होते. मी दोन आण्यांची अक्कल घेऊन रुपयाचे बोलत होते, हे कळले. आता नव्या बाईला चटईवर बसू देण्याआधी मी बाजूला घेऊन विचारते. रक्तदाब आहे का, पोटाचे ऑपरेशन झाले आहे का, दिवस गेले आहेत का, कंबर-गुडघे कसे आहेत. माझ्या वहीत तिच्या नावापुढे ते लिहून ठेवते. ती वही हीच माझी प्रयोगशाळा. ज्यांना विकार आहे त्यांना आधी डॉक्टरांना विचारून यायला सांगते. सर्वांगासन आणि शीर्षासन मी शिकवत नाही. ज्यांना शिकायचे असेल त्यांना शिकलेल्या शिक्षकांकडे जाण्यास सांगते. ताडासन, पवनमुक्तासन, भुजंगासन, वज्रासन, शवासन आणि सावकाश श्वास, एवढ्यावर आपला वर्ग चालतो. एखादीने अमुक रोग जाईल का असे विचारले, तर मला माहीत नाही असे सांगायची आता लाज वाटत नाही.

मला प्रमाणपत्र नाही, आणि आहे असे मी कधी भासवणार नाही. परंतु जेवढे येते तेवढेच, आणि विचारून, तपासून शिकवायचे, ही स्वामीजींची रीत सातवी शिकलेल्या बाईलाही पाळता येते. वही घालण्याची कल्पना प्रथम त्या घेरी आलेल्या भगिनीनेच उचलून धरली, आणि वहीत पहिले नाव तिचे आहे.

पावसाळ्यात सकाळी सहा वाजता धुक्यातून छत्री सावरत तुम्ही येता, हेच मला मोठे बक्षीस आहे. चुकले-माकले असेल तर आपली बहीण समजून क्षमा करावी. स्वामीजींच्या पवित्र स्मृतीस वंदन करून थांबते.